बुडीत खाते

शौर्य हा विषय बी.कॉम.ला ऐच्छिक म्हणूनसुद्धा नव्हता. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एक अख्खी अमेरिकन अणुपाणबुडी माझ्या ताब्यात येईल असे भविष्य कोणी वर्तवले असते, तर मी त्याला नेहमीच्या सवयीने 'बाजूच्या खिडकीत विचारा' म्हणून सांगितले असते. ज्या माणसाला इतक्या वर्षांत एका ठरावीक रकमेपलीकडचे व्हाउचर स्वतःच्या सहीने पास करता आलेले नाही, त्याच्या हाती टॉर्पेडो कोण देणार? पण दिले. आमच्या भाच्याने दिले.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आला, माझा जुना लॅपटॉप उघडला, बराच वेळ त्यात काहीतरी खुडबुड केली आणि म्हणाला, "मामा, हा गेम तुम्हाला आवडेल. ह्यात काहीच होत नाही."

हे त्याने गुण म्हणून सांगितले की दोष म्हणून, ते मला अजून कळलेले नाही. त्याच्या स्वतःच्या खेळांत मिनिटाला दहा-बारा माणसे मरतात आणि त्यांतली निम्मी उठून परत मारायला येतात. ह्या खेळात मी पहिला दीड तास नुसते पाणी ऐकले. बघितलेसुद्धा नाही, ऐकले. आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला फार बरे वाटले. काउंटरच्या पलीकडे कोणी नाही, आणि तरीही आपण कामावर आहोत, हे सुख बँकेत कुठले?

खेळाचे नाव 'डेंजरस वॉटर्स'. २००५ साली आलेला, म्हणजे भाच्याच्या हिशेबाने अश्मयुगातला. तो बनवला सोनालिस्ट्स ह्या कंपनीने. ही कंपनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातली, आणि तिचा मूळ धंदा खेळ विकण्याचा नव्हेच. अमेरिकन नौदलाची कामे करता करता त्या मंडळींनी बाजूला खेळ बनवले. त्याआधी १९९७ साली '६८८-आय हंटर किलर' आणि २००१ साली 'सब कमांड' हे दोन त्यांनी केले होते. आता नौदलाची कामे करणाऱ्या लोकांनी करमणूक करायची म्हटल्यावर ती कशी असणार? आमच्या मॅनेजरांनी स्नेहसंमेलनात नाटक बसवावे तशी. विनोदाच्या जागीसुद्धा मस्टरवर सही करून मगच हसायचे!

पुरावा हवा असेल तर खेळाबरोबरचे माहितीपुस्तक बघा. पाचशेहून अधिक पाने! ते संगणकात बघवेना म्हणून मी चाळीस पाने छापून घेतली. आमच्या हिने ती टेबलावर बघितली आणि विचारले, "पुन्हा प्रमोशनच्या परीक्षेला बसताय?" म्हटले, "नाही, खेळ आहे." त्यावर ती ज्या नजरेने बघत स्वयंपाकघरात गेली, ती नजर मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून परिचयाची आहे.

ह्या खेळात सात प्रकारची वाहने तुम्हाला चालवता येतात. दोन अमेरिकन पाणबुड्या, अकुला आणि किलो ह्या रशियन जातीच्या पाणबुड्या, एक फ्रिगेट, एक ओरायन विमान आणि एक हेलिकॉप्टर. ह्यातली किलो आपल्याला परकी नाही. आपल्या नौदलाने १९८६ ते २००० ह्या काळात अशा दहा पाणबुड्या ताफ्यात घेतल्या, त्यांना सिंधुघोष वर्ग म्हणतात. मी मात्र लॉस एंजेलिस वर्गाची अमेरिकन पाणबुडी घेतली. लांबी सुमारे एकशे दहा मीटर. आमची सोसायटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली तरी एवढी भरत नाही, आणि सोसायटीत गाडी लावायलासुद्धा मला दोनदा पुढेमागे करावे लागते.

पाणबुडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमा येतो. कप्तान टोपी उलटी फिरवतो, पेरिस्कोपला डोळा लावतो, समोर शत्रूचे जहाज असते. मीही आधी पेरिस्कोपच वर काढला. समोर पाणी. डावीकडे पाणी. उजवीकडे पाणी. तेही असे की मुलाने चित्रकलेच्या तासाला घाईघाईने रंगवावे. दिसण्याच्या बाबतीत हा खेळ २००५ सालीसुद्धा देखणा नव्हता. त्याच वर्षी युबिसॉफ्टच्या रुमानियातल्या स्टुडिओने 'सायलेंट हंटर ३' काढला. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचा. त्यातल्या लाटा आणि सूर्योदय बघून माणसाने युद्ध सोडून कविता कराव्यात. पुढे २०१७ साली 'कोल्ड वॉटर्स' आला, त्यात तर आपली पाणबुडी बाहेरून, माशासारखी पोहताना दिसते. भाच्याने दोन्ही दाखवले. छान आहेत. पण पाणबुडीतल्या माणसाला आपली पाणबुडी बाहेरून दिसायला लागली तर समजावे, की प्रकरण फार हाताबाहेर गेले आहे. 'डेंजरस वॉटर्स'मध्येही बाहेरचे चित्र बघायची सोय आहे, पण त्याचे मन त्यात नाही. त्याचे मन आहे सोनारमध्ये.

हा शब्द आमच्या घरात घोटाळ्याचा ठरला. "सोनारवर बसलोय, अर्धा तास लागेल," असे मी आतून ओरडलो तेव्हा ही हातातली लाटणी टाकून बाहेर आली. आमच्या शाखेत तारणाच्या सोन्याची पारख करायला सोनार येतो, तो तिला माहीत. पण हा समुद्रातला सोनार कान लावून बसतो. पडद्यावर हिरवट उजेडाचा एक धबधबा वरून खाली सरकत असतो. समुद्रात कुठे जहाज असेल तर त्या दिशेला एक पुसट रेघ उमटते. बस्स. ती रेघ म्हणजे जहाज. तेलाचे आहे, मासे पकडणारे आहे की तुमच्या जिवावर उठलेले आहे, ते तुम्ही ठरवायचे. आमच्याकडे अशा रकमा सस्पेन्स खात्यात टाकतात. कुठून आल्या माहीत नाही, कोणाच्या माहीत नाही, पण आल्या आहेत खऱ्या.

खरी गंमत पुढे आहे. त्या रेघेवरून दिशा कळते, अंतर कळत नाही. जवळून सावकाश जाणारे होडके आणि लांबून वेगाने जाणारी युद्धनौका, दोघांची रेघ अगदी सारखी सरकू शकते. मग करायचे काय? पुस्तकाने ह्याला 'टार्गेट मोशन ॲनालिसिस' असे नाव देऊन पानेच्या पाने खर्च केली आहेत, पण आमची ही ते रोज सकाळी करते. आमच्याकडे घंटागाडी येते तिचे गाणे आधी स्वयंपाकघरात ऐकू येते. गाडी आपल्या गल्लीत आहे की मागच्या, ते नुसते गाण्यावरून कळत नाही. म्हणून ही डबा उचलण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुढच्या गॅलरीत येते आणि पुन्हा ऐकते. दोन ठिकाणांहून ऐकले की मग अंदाज बरोबर येतो. पाणबुडीतही नेमके हेच. आपला मार्ग बदलायचा, नव्या जागेवरून पुन्हा दिशा घ्यायच्या, आणि नकाशावर त्या रेघांच्या जाळ्यात एक पट्टी अशी बसवायची की सगळे ठिपके एका ओळीत उभे राहतील. ठिपके सरळ आले की शत्रू सापडला. वाकडे राहिले की कुठेतरी फरक आहे. दिवसअखेरीस कॅश जुळत नसताना सातशे वीस रुपये शोधण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याला हे सुख समजावून सांगावे लागत नाही. ज्या संध्याकाळी माझे ठिपके पहिल्यांदा सरळ उभे राहिले, त्या संध्याकाळी मी आपण होऊन चहा केला.

खेळ बनवणाऱ्यांनी कामे टाळणाऱ्यांची सोयही केली आहे. प्रत्येक टेबलावर संगणकाचा एक खलाशी बसवता येतो, तो तुमच्या वतीने काम करतो. सोनारवरचा खलाशी बरा आहे. पण ठिपके जुळवणारा जो आहे, त्याला मी आमच्या शाखेत चांगला ओळखतो. काम लगेच करतो, ठामपणे करतो आणि चूक करतो. त्याने सांगितलेल्या जागी शत्रू कधी नसतो. हा खेळाचा मोठा दोष आहे आणि इतक्या बारकाईने वागणाऱ्या लोकांकडून तो राहावा ह्याचे नवल वाटते.

दुसरे एक प्रकरण माझ्या विशेष जिव्हाळ्याचे. पाणबुडीच्या मागे एक लांबच लांब तार सोडतात, तिला ऐकायचे कान लावलेले असतात. ही तार फार लांबचे ऐकते, पण आवाज डावीकडून आला की उजवीकडून, ते तिला कळत नाही. म्हणून ती एकाच जहाजाच्या दोन नोंदी करते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. कॉमर्सवाल्याला दुहेरी नोंद नवीन नाही, पण आमच्याकडे दोन्ही नोंदी खऱ्या असतात. इथे एक खरी, एक खोटी. बँकेत एवढ्यावर चौकशी बसते. इथे आपण थोडे वळायचे, जी रेघ जागची हलत नाही ती खरी, आणि जी उडी मारून भलतीकडे जाते ती खोटी. तशीच आवाजाची बारीक चाळणी. अमेरिकन जहाजांवरची वीज ६० हर्ट्झची आणि रशियन जहाजांवरची ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यांच्या यंत्रांची गुणगुण वेगळी. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे पाण्याखालून ऐकले तर आमचा मिक्सर रशियन पाणबुडीच आहे, आणि चटणी वाटताना तर खात्रीच पटेल.

आता ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो ते सांगतो.

एका रविवारी मी एका किलो पाणबुडीच्या मागावर होतो. किलो बॅटरीवर चालते तेव्हा जवळजवळ ऐकूच येत नाही. पण बॅटरी संपत आली की तिला वर यावे लागते, नळी पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिन चालवावे लागते. तेव्हा ती ऐकू येते. मी दोन तास वाट बघत होतो. मध्ये जेवणाच्या तीन हाका होऊन गेल्या. आणि आली रेघ. डिझेलचाच आवाज, सावकाश चाललेली. मी मार्ग बदलला, ठिपके उभे केले, अंतर काढले. सगळे जुळले. पेरिस्कोप वर काढून एकदा बघून घ्यावे असे मनात आले होते, पण तिने पेरिस्कोप बघितला तर? शिवाय एवढे जुळल्यावर बघायचे काय? टॉर्पेडो सोडला. काही मिनिटांनी धबधब्यातली रेघ थांबली.

ते मासे पकडणारे ट्रॉलर होते. परक्या, तटस्थ देशाचे.

नळी काढून चालणारी पाणबुडी आणि डिझेलचे ट्रॉलर, कानाला सारखीच लागतात. पुस्तकात हे असणार, मी छापलेल्या चाळीस पानांत नव्हते. खेळाने मोहीम फसल्याचे शांतपणे जाहीर केले. ना आरडाओरड, ना आगीचे लोळ. आणि मी जेवायला गेलो, पण जेवण जाईना. मेलेले कोणी नव्हते हे मला कळत होते, मी काही लहान नाही. पण माझी आकडेमोड बरोबर होती! अंतर बरोबर, वेग बरोबर, दिशा बरोबर. फक्त खातेदार दुसरा होता. सही न पडताळता चेक पास केला होता मी, रांग मोठी आहे म्हणून. काउंटरवर मी हे कधीही केलेले नाही. मग इथे कसे केले?

रात्री तीच मोहीम पुन्हा सुरू केली. थोड्या वेळाने त्याच दिशेला तीच रेघ. सावकाश चाललेली. डिझेलचा आवाज. ट्रॉलर आपले मासे पकडत होते. बुडीत खाते असे एका कळीसरशी पुन्हा चालू झालेले मी नोकरीत पाहिलेले नाही, आणि खरे सांगायचे तर बघवलेही नाही. जो खेळ पाण्याच्या थरांपासून विजेच्या गुणगुणीपर्यंत कशातच सूट देत नाही, तो नेमकी इथे सूट देतो.

हे सगळे मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगितले. काका नौदलातून निवृत्त. वय सत्तरीच्या पुढे. फ्रिगेटवर सोनारवर होते, हे मला त्या दिवशी कळले. तोवर मी त्यांना पाण्याच्या टाकीबद्दल भांडणारे काका म्हणूनच ओळखत होतो. कान टोचायला शेवटी सोनारच यावा लागतो म्हणतात, ते असे.

काकांनी हेडफोन लावले, पाच मिनिटे ऐकले आणि काढले. "हा समुद्र फार स्वच्छ आहे," म्हणाले. "आपल्या किनाऱ्याजवळ कोळंबी एवढी कडकडते की तेलात मोहरी टाकल्यासारखं वाटतं. त्यातून जहाज काढायचं." मग त्यांनी पाण्याच्या थरांबद्दल विचारले. मी सांगितले, वरचे पाणी गरम आणि खालचे थार, मध्ये जो थर असतो तिथे आवाज वाकतो, त्याच्याखाली पाणबुडी लपते. मोहीम रचणारा तो थर आधीच ठरवून देतो. काका हसले. "ठरवून देतो? अहो बँकवाले, उन्हाने दुपारपर्यंत वरचं पाणी तापतं आणि सकाळी तीन मैलांवरचं ऐकू येत होतं ते एक मैलावरचं येईनासं होतं. सोनार दुपारी बहिरा होतो." दुपारी जेवणानंतर आमच्या शाखेतही हेच होते, पण मी ते बोललो नाही.

बोलता बोलता मी दीवचा विषय काढला. काही वर्षांपूर्वी आम्ही एलटीसीवर दीवला गेलो होतो. तिथे समुद्राकडे तोंड करून एक स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची छोटी प्रतिकृती. 'आयएनएस खुक्री'. आम्ही तिथे फोटो काढले, हिने नारळपाणी घेतले, आणि मी पाटीवरचा मजकूर निम्मा वाचला, कारण बस हॉर्न देत होती.

काकांनी उरलेला निम्मा सांगितला. ९ डिसेंबर १९७१ ची रात्र. दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर 'खुक्री' आणि 'किरपाण' पाकिस्तानी पाणबुडी 'हँगोर'च्या शोधात होत्या. 'हँगोर' आधीच त्यांना ऐकत होती. पहिला टॉर्पेडो 'किरपाण'वर सोडला, तो फुटला नाही. पुढचा 'खुक्री'ला लागला आणि काही मिनिटांत जहाज गेले. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

"वेग कमी होता," काका म्हणाले. सोनारला लांबचे ऐकू यावे म्हणून एका नव्या उपकरणाची चाचणी चालू होती आणि त्यासाठी जहाज सावकाश चालले होते, असे त्या घटनेच्या वृत्तांतांतही आहे. जोरात चालले की पाण्याच्या आणि स्वतःच्या इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. ऐकायचे तर हळू चालायला हवे. आणि हळू चालणारे जहाज टॉर्पेडोला सोपे.

"कोचीला माझ्याबरोबर शिकायला होते, त्यातले दोघे होते तिच्यावर," एवढे बोलून त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

मी ह्या खेळावर टीका करायला बसलो होतो. त्याचा तो आळशी खलाशी, बोटभर पडद्यावर मुंगीएवढी बटणे, फार स्वच्छ समुद्र, एका कळीसरशी जिवंत होणारे ट्रॉलर, हे दोष मी वर लिहिलेच आहेत आणि त्यांतला एकही मागे घेत नाही. पण दीवच्या पाटीसमोर उभे राहून मला जे कळले नव्हते, ते ह्या खेळात दोन महिने रेघा मोजल्यामुळे काकांच्या एका वाक्यात कळले. 'वेग कमी होता' ह्याचा अर्थ मला कळला. अशी वाक्ये समजायला इतर खेळ मला काय शिकवणार होते?

हल्ली काका रविवारी सकाळी येतात. मी एकदा विचारले, पाणबुडी घ्यायची का? नको म्हणाले. ते फ्रिगेट घेतात. माऊस मी धरतो, हुकूम त्यांचा. फ्रिगेटच्या मागेही ती कान लावलेली तार सोडायची असते, आणि तिला ऐकू यायचे तर जहाज सावकाश चालवायचे, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. मी काकांना ते पान दाखवले. चाळीसपैकी ते एक होते. काकांनी चष्मा न लावताच ते बाजूला ठेवले.

आमचे जहाज वीस नॉटच्या खाली येत नाही. शिवाय दर चार-पाच मिनिटांनी वळते. धबधब्यात नुसता आमच्याच इंजिनाचा गदारोळ दिसतो, दुसरी रेघ म्हणून नाही. मागच्या रविवारी मी न राहवून म्हटले, "काका, असं आपल्याला काहीच ऐकू येणार नाही."

"नको येऊ दे," काका म्हणाले. "डावीकडे घे."

मी डावीकडे घेतले. स्वयंपाकघरातून हिने विचारले, पोहे आत्ता आणू का जहाज थांबल्यावर?

"आत्ताच आण," काका म्हणाले.